झाडू आणि छत्रीची अदलाबदल : नायजेरियातली एक फेरनिवडणूक

बेनिनरिटर्न (धागाकर्ता), रात्री 10:52

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की "आफ्रिकेत कसल्या निवडणुका, सगळं आधीच ठरलेलं असतं". तिथे भांडत बसलो असतो तर तो धागा हायजॅक झाला असता म्हणून हा वेगळा काढतोय. मी 2018 ते 2021 नोकरीनिमित्त बेनिन सिटीला होतो (प्लास्टिकच्या खुर्च्या-बादल्यांची फॅक्टरी, कंपनीचं नाव विचारू नका), आणि त्या काळात तिथल्या गव्हर्नरची फेरनिवडणूक अगदी गेटच्या फटीतून बघितली. शब्दशः गेटच्या फटीतून, कारण मतदानाच्या दिवशी तिथे गाड्या बंद असतात आणि आम्हाला कंपाउंडच्या बाहेर पडायचं नाही असा हुकूम होता.

आधी दोन खुलासे. बेनिन सिटी हे शहर बेनिन नावाच्या देशात नाहीये, ते नायजेरियात आहे, एडो राज्याची राजधानी. आणि गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. आपल्याकडे राष्ट्रपती नेमतात, राजभवनात राहतात, शपथा देतात, तसलं काही नाही. तिथे 36 राज्यं, प्रत्येकाचा गव्हर्नर थेट जनतेच्या मतांवर निवडून येतो, चार वर्षांची मुदत आणि जास्तीत जास्त दोन टर्म. म्हणजे आपल्या हिशेबात मुख्यमंत्री, पण आमदारांच्या जिवावर नाही, स्वतःच्या मतांवर. त्यामुळे आमदार फुटले तरी याची खुर्ची लगेच हलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर गोष्ट अशी. एडोचे आधीचे गव्हर्नर अॅडम्स ओशिओम्होले. मूळचा गिरणी कामगार माणूस, कामगार संघटनेतून वर आला, 1999 ते 2007 देशाच्या मजूर काँग्रेसचा (पक्ष नव्हे, कामगार संघटनांचा महासंघ) अध्यक्ष, कायम खाकी कपड्यात, पेट्रोल दरवाढीवरून देश बंद पाडणारा. पहिली निवडणूक 2007 ला हरल्याचं जाहीर झालं, हा कोर्टात गेला, आणि नोव्हेंबर 2008 मध्ये कोर्टाने निकाल फिरवून याला गव्हर्नर केलं. (म्हणूनच एडोची निवडणूक बाकी देशाबरोबर होत नाही, सगळं कॅलेंडर पुढे सरकलं ते सरकलंच.) त्याची सगळी प्रसिद्धी कशावर, तर मी गॉडफादर लोकांना घरी बसवलं यावर. गॉडफादर हा तिथला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, सिनेमातला नाही. स्वतः उभं न राहता दुसऱ्याला उभं करायचं, निवडून आणायचं आणि मग तिजोरीवर, नेमणुकांवर, कंत्राटांवर हात ठेवायचा, असा माणूस.

दोन टर्म संपल्यावर 2016 ला त्याने आपल्या जागी गॉडविन ओबासेकी यांना आणलं. ओबासेकी म्हणजे शेअरबाजार, गुंतवणूक वगैरेमधला माणूस, ओशिओम्होलेंच्याच सरकारात आर्थिक सल्लागारांच्या टीमचा प्रमुख होता. शांत, चष्मा, आकडे. पक्ष एपीसी, चिन्ह झाडू. समोर पीडीपीचे ओसागी इझे-इयामू, चिन्ह छत्री. 2016 च्या प्रचारात ओशिओम्होलेंनी या इझे-इयामूंवर काय काय आरोप केले ते इथे टंकण्यासारखं नाही. ओबासेकी निवडून आले, 3,19,483 विरुद्ध 2,53,173.

पुढे 2018 ला ओशिओम्होले पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले आणि वर्षभरात गुरू-शिष्याचं फाटलं. गुरूच्या लोकांचं म्हणणं, हा कृतघ्न निघाला, ज्यांनी उन्हातान्हात काम केलं त्यांना विचारत नाही. शिष्याच्या लोकांचं म्हणणं, राज्याचा पैसा पुढाऱ्यांत वाटायला नकार दिला म्हणून यांच्या पोटात दुखतंय. खरं काय ते दोघांनाच माहीत.

जून 2020 मध्ये पक्षाच्या छाननी समितीने विद्यमान गव्हर्नरलाच अपात्र ठरवलं. कारण, सर्टिफिकेटात घोळ! 1979 ची इबादान विद्यापीठाची पदवी, तीच कागदपत्रं 2016 ला त्याच पक्षाला चालली होती बरं का. चारेक दिवसांत ओबासेकींनी पक्ष सोडला, तीन दिवसांनी पीडीपीत गेले, आठवड्याच्या आत तिकडचं तिकीट. आणि झाडूचं तिकीट कुणाला मिळालं? इझे-इयामू. तेच, छत्रीवाले, जे काही महिन्यांपूर्वीच इकडे येऊन बसले होते.

म्हणजे 2016 चेच दोन उमेदवार 2020 ला परत समोरासमोर, फक्त चिन्हं अदलाबदल. आणि ओशिओम्होले गावोगाव फिरून सांगतायत की ओबासेकीला आणणं ही माझी चूक होती, ती दुरुस्त करायला आलोय, इझे-इयामूला मत द्या. समोरचे लोक काय करतायत, तर त्यांचीच 2016 ची भाषणं टेम्पोवर स्क्रीन लावून चौकाचौकात दाखवतायत. जेवताना ठसका लागायचा राव.

बाकी उद्या लिहितो, लाइट गेलीय (इथे पुण्यातसुद्धा जाते).

---

सातारी_तडका, रात्री 11:10

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या पुढचा भाग.

---

खडूसकाका, रात्री 11:31

वाचतोय. पण यात 'आफ्रिका' काय आहे? पक्ष बदलला, चिन्ह बदललं, कालचा चोर आजचा साव. ही गोष्ट तर मी...

---

बेनिनरिटर्न, रात्री 11:34

काका, हात जोडतो, महाराष्ट्राचं नाव काढू नका, दहा मिनिटांत धाग्याचा काश्मीर होईल.

---

खडूसकाका, रात्री 11:36

नाव काढलं का मी? तुम्हीच काढलंत.

---

मीनलताई_ठाणे, सकाळी 7:48

छान लिहिलंय. एक बाळबोध शंका, सत्तेवर असताना गव्हर्नर दुसऱ्या पक्षात गेला तर पद जात नाही का? पक्षांतरबंदी नाही तिकडे?

---

लागोसवाली, सकाळी 9:15

मीनलताई, मी सांगते, आम्ही अकरा वर्षं लागोसला आहोत. तिकडे पक्षांतराचं कलम आमदार-खासदारांना लागू आहे (त्यालाही पळवाट आहेच, पक्षात फूट पडलीय म्हणायचं), पण गव्हर्नरला किंवा राष्ट्राध्यक्षाला ते लागत नाही. उपराष्ट्राध्यक्ष अतिकू यांनी पक्ष बदलला तेव्हा 2007 मध्ये हा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता आणि पक्ष बदलल्याने पद जात नाही असं कोर्टाने सांगितलं. त्यामुळे ओबासेकी सकाळी एका पक्षाचे गव्हर्नर आणि दुपारी दुसऱ्या. बंगला तोच, गाड्यांचा ताफा तोच, फक्त पोस्टर नवीन.

आणि धागाकर्त्यांनी एक मोठी गोष्ट सोडलीय (किंवा उद्याला ठेवलीय), विधानसभेचं छप्पर!

---

सातारी_तडका, सकाळी 9:20

छप्पर???

---

बेनिनरिटर्न, दुपारी 1:40

ताई तुम्ही सस्पेन्स फोडलात :) जेवणाच्या सुट्टीत टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर एडोच्या विधानसभेत 24 आमदार, 2019 ला चोवीसच्या चोवीस एपीसीचे निवडून आलेले. विरोधी पक्षच नाही. म्हणजे निवांत असायला हवं होतं ना? पण चोवीसातले बहुतेक ओशिओम्होलेंच्या गोटातले. त्यांनी आपला सभापती बसवला असता तर गव्हर्नरवर महाभियोग आणता आला असता. मग जून 2019 मध्ये एके रात्री, हो रात्री, ओबासेकींच्या लोकांनी विधानसभेचं उद्घाटन उरकलं, नऊ आमदारांना बोलावून शपथ दिली, सभापती निवडला, आणि बाकीचे सकाळी उठून बघतात तर सभागृह सुरू झालेलं. त्यांच्यातले चौदा जण बाहेर राहिले ते राहिलेच, पुढे त्यांच्या जागाच रिकाम्या जाहीर केल्या. ही ओबासेकींची बाजू मला कधीच पटली नाही. गॉडफादरविरुद्धचा लढा वगैरे ठीक आहे, पण ज्यांना लोकांनी मतं दिली त्यांना दारात उभं करायचं आणि वर लोकशाहीचं नाव घ्यायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

मग ऑगस्ट 2020, निवडणूक सहा आठवड्यांवर. त्या बाहेरच्या मंडळींनी आणि काही फुटलेल्या आतल्यांनी मिळून वेगळा सभापती निवडला आणि विधानसभेत घुसणार अशी कुणकुण लागली. मी त्या दिवशी सकाळी आमच्या ड्रायव्हरबरोबर बँकेत निघालो होतो, रिंग रोडवर (गावाचा मधला मोठा गोल चौक, तिथून ओबाचा म्हणजे राजाचा राजवाडा जवळ, विधानसभाही तिथेच). ट्रॅफिक ठप्प. पुढे बघतो तर विधानसभेच्या गेटात वाळू-खडीचे डंपर रिकामे झालेले, ही कंबरेएवढी रास, आणि वर छपरावर माणसं चढून पत्रे काढतायत. पोलीस उभे, गर्दी उभी, सगळे माना वर करून बघतायत. ड्रायव्हरला म्हटलं हे काय, तर तो अजिबात न हसता म्हणाला, "रिनोव्हेशन". सरकारचंही अधिकृत म्हणणं तेच, डागडुजी आधीपासून ठरलेली होती. ऐन पावसाळ्यात! बेनिनचा पाऊस ज्याने बघितलाय त्यालाच यातली गंमत कळेल, आपल्या कोकणाच्या तोडीचा असतो.

---

अक्षता_आठल्ये, दुपारी 2:05

हसून हसून पुरेवाट झाली. सभागृहच उघडं करून टाकायचं म्हणजे बैठकच नको.

---

खडूसकाका, दुपारी 2:30

हसा. पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी देत नाही. एवढी झोंबाझोंबी कशासाठी? गव्हर्नरकीत असं काय आहे?

---

लागोसवाली, दुपारी 3:12

काका, पैसा. पण कसा ते सांगते, कारण आपल्याकडच्यापेक्षा वेगळं आहे.

नायजेरियात तेलाचा आणि केंद्रीय करांचा पैसा एका खात्यात जमतो आणि दर महिन्याला राजधानी अबुजात बसून वाटला जातो. केंद्राला 52.68 टक्के, सगळ्या राज्यांना मिळून 26.72, स्थानिक सरकारांना 20.60. शिवाय ज्या राज्यात तेल निघतं त्यांना तेलाच्या उत्पन्नातले 13 टक्के वेगळे. एडोतही थोडं निघतं. म्हणजे बहुतेक राज्यांना स्वतः कर गोळा करायची फार तोशीस नाही, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. त्यात स्थानिक सरकारांचा हिस्साही वर्षानुवर्षं राज्याबरोबरच्या संयुक्त खात्यातून जात आलाय (जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने हे थांबवायला सांगितलं), म्हणजे त्याच्या नळाची चावीही गव्हर्नरच्याच हातात. वरून 'सिक्युरिटी व्होट' नावाची रक्कम, सुरक्षेच्या नावाखाली, जिचा हिशेब कुणी मागायचा नाही. आणि पदावर असेपर्यंत गव्हर्नरवर खटला चालत नाही, घटनेतच तशी तरतूद आहे. आता सांगा, असा माणूस आपण 'बनवलेला' असेल तर कुणाला नको आहे?

म्हणून तिथे फेरनिवडणुकीचा खरा सामना मतदानाच्या दिवशी नसतोच हो. खरा सामना असतो पक्षाच्या तिकिटाचा. आमच्या लागोसचंच बघा, अंबोडे 2015 ला गव्हर्नर झाले, रस्ते केले, पूल केले, लोक बऱ्यापैकी खूश होते. पण टिनुबूंची मर्जी फिरली. (बोला अहमद टिनुबू, 1999 ते 2007 लागोसचे गव्हर्नर, आता 2023 पासून देशाचे राष्ट्राध्यक्ष.) आणि ऑक्टोबर 2018 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत विद्यमान गव्हर्नर असूनही अंबोडे टिनुबूंच्या सान्वो-ओलूंकडून दणकून हरले. अंबोडेंनी निमूट अभिनंदन केलं आणि घरी गेले. लागोसमध्ये गॉडफादरशी भांडून कुणी टिकत नाही.

ओबासेकींनी नेमकं हेच उचललं, त्यांच्या लोकांची घोषणा होती "एडो नो बी लागोस". पिजिनमध्ये (तिथली बोलीतली इंग्रजी), अर्थ "एडो म्हणजे लागोस नव्हे". मतदानाच्या चार दिवस आधी टिनुबूंनी टीव्हीवर येऊन आवाहन केलं की ओबासेकींना मत देऊ नका, त्यांनी आमदारांवर अन्याय केलाय. झालं, पीडीपीला आयतं कोलीत मिळालं. बेनिनचे लोक मानी हो, त्यांचं शेकडो वर्षांचं राज्य, 1897 ला इंग्रजांनी राजवाडा लुटून ब्राँझच्या मूर्ती नेल्या ते अजून विसरलेले नाहीत, त्यांना लागोसचा माणूस शिकवणार?

---

वाळूजकर, सायंकाळी 5:50

धागा भारी आहे. राजकारणातलं आपल्याला कळत नाही पण एक विचारायचं होतं, तिकडे आपल्या वाळूजच्या रिक्षा दिसतात का? आमच्या प्लँटमधून नायजेरियाचा माल भरपूर जायचा, बॉक्सर मोटरसायकली पण.

---

बेनिनरिटर्न, सायंकाळी 6:25

वाळूजकर, दिसतात का काय विचारता, दुसरं काही दिसतच नाही! तिकडे तीनचाकीला 'केके' म्हणतात, जुनं नाव 'केके नापेप', कारण राष्ट्राध्यक्ष ओबासांजोंच्या काळात गरिबी हटाव योजनेतून वाटल्या होत्या, त्या योजनेचं लघुरूप नापेप. पिवळ्या रंगाच्या, मागे ड्रायव्हरने लिहिलेलं बायबलमधलं वाक्य, आणि निवडणुकीच्या दिवसांत त्याच्याच वर '4+4' चा स्टिकर. म्हणजे चार वर्षं झाली, अजून चार द्या. बजाजच्या टपावर गव्हर्नरचा फोटो घेऊन फिरणाऱ्या या केके बघितल्या की मला का कुणास ठाऊक एकदम आकुर्डीची आठवण यायची.

आता मतदानाचं सांगतो, ते राहिलंय.

19 सप्टेंबर 2020, शनिवार. कोविडचे दिवस, मास्क सक्तीचा. पेपरात 31,000 पोलीस आणल्याच्या बातम्या, आम्ही तांदूळ, अंडी, पाणी आठवडाभराचं भरून ठेवलेलं. त्याआधी ओबांनी दोन्ही बाजूंना राजवाड्यावर बोलावून खडसावलं होतं, मग शांततेच्या करारावर सह्या झाल्या. शिवाय अमेरिकेने त्याच आठवड्यात जाहीर केलं की निवडणुकीत गडबड करणाऱ्यांचा व्हिसा बंद. माझं प्रामाणिक मत विचाराल तर कराराच्या कागदापेक्षा व्हिसाने जास्त काम केलं, कारण प्रत्येक पुढाऱ्याची पोरं तिकडे शिकतात.

आमच्या गेटसमोर प्राथमिक शाळा, तिथेच पोलिंग युनिट. खोलीत नाही, झाडाखाली टेबल टाकून. मतपत्रिका कागदी, शाईचा अंगठा लावायचा, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर उमेदवाराचं नावच नसतं! फक्त पक्षाचं नाव आणि चिन्ह. इथेच खरी मेख. आमच्या ड्रायव्हरची आई, सत्तरीच्या आसपास, 2016 ला तिला पोरांनी शिकवलं होतं की ओबासेकी म्हणजे झाडू. चार वर्षं तिच्या डोक्यात तेच. आता तिला शिकवायचं की ओबासेकी म्हणजे छत्री, झाडू म्हणजे तो दुसरा. हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी घरी जाऊन आईची उजळणी घ्यायचा. एक दिवस मला सांगत होता, म्हातारी म्हणते, झाडू काय वाईट झाली, घर झाडायला झाडूच लागते ना, छत्रीने झाडणार का? मग याने सांगितलं, आई, पाऊस आहे. तिला ते पटलं.

सगळ्यात बघण्यासारखी असते ती मोजणी. पेट्या उचलून कुठे नेत नाहीत, मतदान संपलं की तिथेच, त्याच झाडाखाली, सगळ्यांसमोर मोजतात. अधिकारी एकेक मतपत्रिका वर धरून दाखवतो आणि अख्खी गर्दी एका सुरात मोजते, "वन! टू! थ्री!", जत्रेत पैशांचा पाऊस पडावा तसा आवाज चढत जातो. आम्ही तिघेचौघे भारतीय गेटच्या फटीला डोळे लावून, आणि आमचा चौकीदार आत उभा राहून बाहेरच्या गर्दीबरोबर मोजतोय. मग आकड्यांचा कागद भरला, एजंटांच्या सह्या झाल्या, एक प्रत शाळेच्या भिंतीला चिकटवली, आणि तिचे फोटो काढायला पोरांची ही झुंबड. निवडणूक आयोगाच्या लोकांनीही त्याचा फोटो काढून वेबसाइटवर चढवला. ते पोर्टल तेव्हा नवीन होतं, गव्हर्नरच्या निवडणुकीत पहिल्यांदाच. त्यामुळे रात्री आमचा ड्रायव्हर मोबाइलवर केंद्राकेंद्राचे कागद बघून वहीत बेरीज करत बसला. वरती कुणी आकडे बदलले तर लगेच कळलं असतं ना.

रविवारी निकाल. ओबासेकी 3,07,955, इझे-इयामू 2,23,619. अठरापैकी तेरा तालुके (तिकडे एलजीए म्हणतात) ओबासेकींकडे, बहुतेक मताधिक्य बेनिन शहराच्या तीन तालुक्यांतून, ओरेडो, इक्पोबा-ओखा, एगोर. राष्ट्राध्यक्ष बुहारी एपीसीचे, त्यांनीही अभिनंदन केलं. आणि आमच्या रस्त्यावर ते कोविड-बिविड सगळं विसरून जे नाचले लोक...

---

खडूसकाका, रात्री 8:40

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. झाडू 2016 ला 3,19,483, 2020 ला 2,23,619. छत्री 2,53,173 वरून 3,07,955. पण माणूस धरला तर ओबासेकींची स्वतःची मतं साडेअकरा हजारांनी कमी झाली, इझे-इयामूंची जवळपास तीस हजारांनी. म्हणजे मतदार चिन्हाबरोबर राहिला नाही, माणसाबरोबर गेला. मतपत्रिकेवर नाव नसताना! हे मला मान्य करावं लागेल की कौतुकास्पद आहे. त्या म्हातारीला माझा नमस्कार सांगा.

पण एकूण मतदार किती होते?

---

बेनिनरिटर्न, रात्री 8:55

काका नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. नोंदणी 22 लाखांवर. मतं पडली साडेपाच लाखांच्या आसपास. चारातला एक.

---

खडूसकाका, रात्री 8:57

मग कसला 'जनतेचा कौल'? चारातले तीन घरी.

---

लागोसवाली, रात्री 9:30

काका, घरी का बसतात तेही बघा ना. मतदार कार्ड घ्यायला दोन-दोन दिवस रांगा, नोंदणी एका गावी आणि पोट भरायला दुसऱ्या गावी, मतदानाच्या दिवशी गाड्या बंद म्हणजे जाणार कसे, आणि हाणामारीची भीती वेगळीच. एडोतून तर हजारो तरुण पोरं-पोरी युरोपात गेलीत, कशी गेली ते इथे नको. त्यांची नावं यादीत असतील, माणसं इटलीत.

आणि मत विकत घेतात हेही खरं. तिकडे त्याला 'स्टमक इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणतात, रस्ते-पूल राहू द्या, आधी पोटाचं बघा! एकिटी राज्यात 2014 ला विद्यमान गव्हर्नर फायेमी, शिकलेला माणूस, यावरच हरले असं सगळे म्हणतात, समोरच्याने तांदूळ वाटले. फायेमी सगळ्या म्हणजे सगळ्या तालुक्यांत मागे पडले होते. गंमत म्हणजे चार वर्षांनी तेच परत निवडून आले.

---

मीनलताई_ठाणे, रात्री 9:50

तांदूळ वाटले म्हणून हरले की लोकांना तुच्छ लेखलं म्हणून हरले? भुकेल्या माणसाला डोस पाजणारा पुढारी मलाही नको वाटेल.

---

लागोसवाली, रात्री 9:58

मीनलताई, हे मात्र शंभर टक्के. शिक्षकांनाही नाराज केलं होतं त्यांनी, परीक्षा घ्यायला निघाले होते.

---

अक्षता_आठल्ये, रात्री 10:20

सर्टिफिकेटाचं पुढे काय झालं? खोटं निघालं का?

---

बेनिनरिटर्न, रात्री 10:31

नाही. निवडणुकीनंतरही एपीसीने ती केस चालू ठेवली, जानेवारी 2021 मध्ये अबुजाच्या कोर्टाने फेटाळली, मे मध्ये सुप्रीम कोर्टानेही फेटाळली. पदवी खरी होती. तिकडे निकाल लागला तरी निवडणूक संपत नाही, कोर्टात संपते. ओशिओम्होलेंचं अध्यक्षपद तर मतदानाआधीच, जून 2020 मध्येच गेलं, त्याची सुरुवातही कोर्टापासूनच.

---

सातारी_तडका, रात्री 10:44

म्हणजे गॉडफादर संपला. शेवट गोड.

---

बेनिनरिटर्न, रात्री 11:15

कसला गोड हो. इथून पुढचं मी तिथे नव्हतो, बातम्या आणि ड्रायव्हरचे व्हॉट्सअॅप यावरून सांगतो.

ओबासेकींचे उपगव्हर्नर फिलिप शाइबू. हे मूळचे ओशिओम्होलेंचे मानसपुत्र, पण 2020 ला गुरूला सोडून ओबासेकींबरोबर गेले. 2023 ला त्यांना वाटलं, आता आपला नंबर. ओबासेकी म्हणाले नाही, दुसरा उमेदवार ठरलाय, आसुए इघोदालो. तेही अर्थकारण-वकिलीच्या दुनियेतले. म्हणजे 2016 ला ओशिओम्होलेंनी जे केलं तेच आता ओबासेकी करतायत, आपल्या पसंतीचा, कोट-टायवाला वारस. शाइबू ऐकेनात, तर त्यांचं ऑफिस हलवलं आणि एप्रिल 2024 मध्ये विधानसभेने महाभियोग लावून त्यांना काढलं. (जुलैत कोर्टाने तो रद्द ठरवला, ते आलंच.) शाइबू गेले परत एपीसीत, म्हणजे ओशिओम्होलेंच्या तंबूत. ओशिओम्होले तोवर 2023 ला सिनेटर होऊन ताजेतवाने.

21 सप्टेंबर 2024, झाडूचे मंडे ओकपेभोलो 2,91,667, छत्रीचे इघोदालो 2,47,274. मोजणीत घोळ झाल्याची ओरड खूप झाली, सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये निकाल कायम केला. ओबासेकींच्या बाजूने या वेळी शांततेच्या करारावर सहीसुद्धा केली नव्हती.

---

खडूसकाका, रात्री 11:22

म्हणजे गॉडफादर हटवणारा ओशिओम्होले गॉडफादर झाला, त्याला हटवणारा ओबासेकी व्हायला गेला आणि आपटला. मला वाटतं चांगलंच झालं. गॉडफादर व्हायलासुद्धा लायकी लागते.

---

लागोसवाली, रात्री 11:40

काका :) पण ओबासेकींनी शाळांमध्ये केलेलं काम खरंच चांगलं होतं, 2018 पासून प्राथमिक शिक्षकांच्या हातात टॅब देऊन रोजचा धडा त्यावर, शिक्षक वेळेवर येतो का तेही त्यातून कळायचं. त्याबद्दल कुणी मत दिलं असेल तर ते मला पटतं.

---

बेनिनरिटर्न, रात्री 11:48

हे मात्र मान्य, समोरच्या शाळेत दिसायचं. बाई टॅब हातात धरून शिकवायच्या, पोरं टाळ्या वाजवून पाढे म्हणायची.

---

मीनलताई_ठाणे, सकाळी 8:02

आणि ती ड्रायव्हरची आई? 2024 ला तिने काय केलं?

---

बेनिनरिटर्न, सकाळी 9:26

विचारलं होतं मी ड्रायव्हरला. त्या महिन्यात पेट्रोल साडेआठशे नायरांच्या वर गेलेलं (2023 च्या मे पर्यंत सरकारी भाव दोनशेच्या आत होता), हा गाडी विकून केके चालवायला लागलेला, वैतागलेला. म्हणाला, तिला सांगितलं की छत्री ओबासेकीचीच आहे पण ओबासेकी उभा नाही, आणि शाइबू परत झाडूकडे गेलाय. तर म्हातारी म्हणाली, तुम्ही आधी सगळे मिळून ठरवा आणि मग मला सांगायला या. त्या दिवशी पाऊस होता, ती गेलीच नाही.

---

वाळूजकर, सकाळी 9:40

त्यांना विचारा केके कुठलं मॉडेल आहे. जुनं असेल तर क्लचप्लेटचा नेहमीचा त्रास असतो, मी सांगतो काय करायचं ते.